मंडई ते गंज पेठ : जुने पुणे कसे पाहावे?



दर रविवारी वंदना झाल्यावर आमच्या वस्तीतील काही नवदीक्षित कुटुंबे एकत्र बसतात आणि एखादा विषय घेऊन अभ्यास करतात. मागच्या सुट्टीत अभ्यास बाजूला राहिला आणि सहलीचा विषय निघाला. एका भगिनीने सुचविले की, मुलांना सिंहगड रस्त्यावरची जपानी बाग दाखवावी. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणून ही बाग तयार झाली आणि तिला पु. ल. देशपांडे यांचे नाव दिलेले आहे. ओकायामा शहरातील सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर ती रचलेली आहे. जपान हा बौद्धांचा देश, तेव्हा तेथले काही तरी मुलांच्या नजरेस पडेल, असे त्या भगिनीचे म्हणणे होते.

सूचना चांगली होती. परंतु सातवीतल्या एका मुलाने मध्येच विचारले, "सर, पुण्यात आपलं जुनं असं काहीच नाही का?"

त्याच्या प्रश्नावर मोठी माणसे गप्प बसली. ती का गप्प बसली हे मला समजत होते, कारण माझेही लहानपण याच शहरातले. आमच्या शाळेची सहल दरवर्षी निघे, शनिवारवाड्यावर जाई आणि परत येई. तेथून पायी अर्ध्या तासावर असलेल्या गंज पेठेत आम्हांला कोणी नेले नाही. मी पहिल्यांदा तेथे गेलो तो महाविद्यालयात गेल्यावर, आणि तेही एका मित्राबरोबर वाट चुकत चुकत.

नवदीक्षित घरात हा प्रश्न विशेष जाणवतो. दीक्षा घेतल्यावर आपण देव्हारा काढतो, अंगारे-धुपारे सोडतो, जत्रा सोडतो. हे सारे योग्यच आहे. पण मग घरातील म्हाताऱ्या माणसांना वाटू लागते की, आपल्यापाशी जुने म्हणून काही उरले नाही. यातून दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी म्हणतो, जुने ते सगळे टाकाऊ. आणि कोणी गुपचूप जुन्याकडे परत वळतो.

भगवान बुद्धांनी कालामांना जो उपदेश केला तो आपण मागच्या वर्षी अभ्यासला होता. एखादी गोष्ट केवळ कानी आली, केवळ परंपरेने चालत आली, केवळ ग्रंथात आहे, एवढ्यावरून ती स्वीकारू नका, असे त्यांनी सांगितले. येथे बारकाईने पाहिले पाहिजे. परंपरेने आली म्हणून फेकून द्या, असेही त्यांनी सांगितलेले नाही. त्या गोष्टीने अकुशल वाढते की कुशल, दुःख वाढते की हित होते, हे स्वतः अनुभवून आणि सुज्ञांचे मत घेऊन ठरवा, असे त्यांचे सांगणे आहे. तेव्हा मी सुचविले की, बाग पुढच्या सुट्टीत पाहू. या रविवारी मंडईपासून गंज पेठेपर्यंत चालत जाऊ आणि वाटेत जे जुने दिसेल त्याला हीच कसोटी लावून पाहू.

जपानचे नाव निघालेच होते, म्हणून निघण्यापूर्वी मुलांना तेथील एका भागाची हकीकत सांगितली. माझा एक माजी विद्यार्थी जपानी भाषा शिकला आणि कामानिमित्त काही महिने टोकियोत राहून आला. तेथील असाकुसा नावाच्या भागाने तो अगदी भारावून गेला होता. सुमिदा नदीच्या काठी हा भाग आहे. मध्यभागी सेन्सोजी नावाचे बौद्ध मंदिर आहे. त्याची परंपरागत कथा अशी की, इ. स. ६२८ मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची मूर्ती सापडली आणि गावच्या प्रमुखाने आपल्या राहत्या घराचे मंदिर केले. जपानी लोक या बोधिसत्त्वाला कान्नोन म्हणतात. मंदिरासमोर सुमारे अडीचशे मीटर लांबीची दुकानांची गल्ली आहे. तेथे पंखे, खेळणी, तांदळाच्या पापड्या असे नाना जिन्नस विकतात. आशियातील पहिली भुयारी रेल्वे १९२७ साली धावली ती याच असाकुसापासून उएनोपर्यंत. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य मंदिर जळून गेले. लोकांनी ते १९५८ मध्ये सिमेंट-काँक्रीटमध्ये पुन्हा उभे केले, आणि आता त्याच्या छपरावर टायटॅनियम धातूची कौले आहेत. तरी जाणाऱ्या माणसाला ते जुनेच मंदिर वाटते.

मुले खूष झाली. पण गोष्ट एवढ्यावर सोडली असती तर ती अर्धीच झाली असती. याच असाकुसात, मंदिरापासून जवळच, एक वेगळी वस्ती होती. मेलेली जनावरे ओढणे, चामडे कमावणे, देहांत शिक्षेच्या वेळची कामे करणे हे ज्यांच्या माथी जन्माने मारलेले होते, त्या लोकांची ती वस्ती. दान्झाएमोन या वंशपरंपरागत प्रमुखाच्या हाताखाली त्यांना राहावे लागे. इतरांशी बेटीव्यवहार नाही, बरोबरीचा वावर नाही. १८७१ मध्ये सरकारने हुकूम काढून हा हलका दर्जा कायद्यातून काढला, पण लोकांच्या मनातून तो गेला नाही. शेवटी १९२२ साली त्या लोकांनीच क्योतो येथे सुईहैशा ही आपली संघटना काढली. त्याहून वाईट गोष्ट अशी की, कित्येक बौद्ध मंदिरांतील पुरोहितांनी या लोकांच्या मृतांना जी धार्मिक नावे दिली, त्यांतही हीनपणा दाखविणारी अक्षरे घातली. सोतो झेन पंथाने पुढे ही आपली चूक उघडपणे मान्य केली, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

हे ऐकून एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे बौद्ध देशातही तेच?" होय, तेथेही तेच. आपण बौद्ध म्हणवून घेतले म्हणजे काम झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी असाकुसाची ही दुसरी बाजू लक्षात ठेवावी. आजही त्या भागात पादत्राणांचे कारखाने आणि ठोक व्यापार आहे. सहलीला जाणारे दिवे, कंदील आणि मिठाई पाहतात. चामड्याकडे कोणी पाहत नाही.

अशी तयारी करून आम्ही निघालो. सहा कुटुंबे, लहान-मोठी मिळून तेवीस माणसे. मेट्रोने मंडई स्थानकावर उतरलो. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, आणि आमच्यापैकी निम्म्या लोकांचा तो पहिलाच भुयारी प्रवास होता. सरकत्या जिन्याला एक आजी घाबरल्या, तेव्हा दोन नातींनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरले. वर आलो तो समोर मंडईचा मनोरा.

ही इमारत १८८६ सालची. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत भरत असे. मधला भाग अष्टकोनी, वर मनोरा, आणि चहूकडे पसरलेल्या शाखा. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. आत दगडी ओट्यांवर बसलेल्या बाया, समोर मेथी, अळू, घेवडा, एका हाताशी तागडी आणि दुसऱ्या हाताशी मोबाईलवरून पैसे घेण्याचा छापील चौकोन. मुलांना या चौकोनाचे काहीच वाटले नाही. तागडी मात्र ती टक लावून पाहत होती.

आता मंडईच्या नावाची गोष्ट. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. या मंडईवर मोठा खर्च करण्यास त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते कोणी मानले नाही आणि मंडई बांधली गेली. १९२४ मध्ये मंडईपाशी लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत जोतीरावांचा पुतळा उभारण्याची सूचना मांडली, तेव्हा तिला कडाडून विरोध झाला आणि ती फेटाळली गेली. नंतर आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे महात्मा फुले मंडई असे नामकरण झाले. ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला तिलाच त्यांचे नाव लागले, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. मला विचाराल तर एखाद्या मोठ्या ग्रंथालयाला ते नाव लागले असते तर त्यांना अधिक आवडले असते.

माझी आजी याच मंडईच्या आवारात झाडलोटीच्या कामाला होती. ती नुसती 'मंडई' म्हणे. पाटीवर कोणाचे नाव आहे हे तिला वाचता येत नव्हते, आणि कोणी वाचून दाखविलेही नाही. पहाटे चारला घरातून निघायची आणि येताना पदरात वेचलेल्या भाजीच्या काड्या आणायची. मी हे सांगत असता माझ्या मुलीने विचारले, "पणजी कुठल्या बाजूला झाडत होती?" मला सांगता आले नाही. आजी होती तोवर मी हे तिला विचारले नव्हते.

मंडईला लागूनच तुळशीबाग. पेशव्यांच्या पदरचे नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये येथील राममंदिराच्या कामास आरंभ केला. आज त्या मंदिराभोवती बांगड्या, भांडी, खेळण्यातील भातुकली, केसांच्या पिना यांची दाटी आहे. असाकुसाच्या गल्लीसारखेच हे दृश्य. बायकांनी अर्थातच खरेदी केली, आणि त्यात काही गैर नाही. सहल म्हणजे मौन पाळण्याचे शिबिर नव्हे.

मंदिराच्या दारापाशी सातवीतला तो मुलगा पुन्हा थांबला. "सर, आपण आत जायचं की नाही?" मी त्याला पर्वतीची हकीकत सांगितली. याच पुण्यात पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून ऑक्टोबर १९२९ मध्ये शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सत्याग्रह करावा लागला. सत्याग्रहींना दगड खावे लागले, दार उघडले नाही. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ मध्ये. तो झगडा माणुसकीच्या हक्काचा होता. हक्क मिळाला म्हणजे हात जोडलेच पाहिजेत असे नाही, कारण आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. पण जे हात जोडतात त्यांना हसण्याचाही आपल्याला अधिकार नाही. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मग मी लाकूडकाम बघून येतो." तो बघून आला. मला वाटते त्याने मार्ग बरोबर काढला.

शिवाजी रस्त्याने उत्तरेकडे थोडे गेले की, दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडे वाड्याची जागा लागते. १८४८ मध्ये जोतीरावांनी मुलींची शाळा काढली ती येथे, तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात. जोतीराव तेव्हा एकवीस वर्षांचे आणि सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. शाळेला जागा देणारे भिडे आणि साथ देणारे गोवंडे, परांजपे, वाळवेकर हे जोतीरावांचे मित्र ब्राह्मण होते, हेही मुलांना मुद्दाम सांगितले. जन्मावरून माणूस जोखणे आपण सोडले आहे, तर ते सगळ्यांच्या बाबतीत सोडले पाहिजे. जुना वाडा मोडकळीस आला होता. अनेक वर्षांच्या कोर्टकज्जानंतर राष्ट्रीय स्मारकासाठी तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. समोर दर्शनाची भली मोठी रांग होती आणि आम्ही तेवीस माणसे रस्त्याच्या अलीकडे, जेथे वाडा नाही तेथे पाहत उभे होतो. "म्हणजे बघायला काहीच नाही," एक भगिनी म्हणाली. तिच्याबरोबर तिच्या दोन मुली होत्या, एक बारावीला आणि एक नर्सिंगला. मी त्या दोघींकडे बोट दाखविले. ती लाजली, पण तिला पटले. शिवाय असाकुसाचे मंदिरही एकदा राख झालेच होते.

तेथून मागे वळून, गल्ल्या-बोळांतून, गंज पेठेत आलो. या पेठेला आता महात्मा फुले पेठ असे नाव आहे. जोतीरावांचा वाडा बाहेरून अगदी साधा आहे. आत अंगण आणि पाण्याची जागा. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पूज्य बाबासाहेबांचा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी. आणि त्यानंतरही बाबा आढाव यांना सत्तरच्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ चालवावी लागली. मुलांनी ही साले वहीत एकाखाली एक लिहिली आणि वजाबाक्या केल्या. मास्तर बरोबर असला की सुट्टीतही गणित सुटत नाही.

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले. दहन न करता मिठात घालून पुरावे अशी त्यांची इच्छा होती, परंतु राहत्या वस्तीत तशी परवानगी मिळाली नाही. म्हणून दहन झाले आणि अस्थी या वाड्यात ठेवण्यात आल्या. तेथे तुळशी वृंदावनाच्या आकाराची समाधी आहे. हे पाहून एकाने भुवया उंचावल्या. मी एवढेच म्हटले की, आकार त्या काळचा आहे, आत कोण आहे ते पाहा.

येथे एक प्रसंग घडला, तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सरकत्या जिन्याला घाबरलेल्या आजींनी समाधीपुढे दहा रुपयांची नोट ठेवली, डोळे मिटले आणि नातू दहावी पास होऊ दे, असे पुटपुटल्या. त्यांच्या सुनेला फार संकोच वाटला. मी म्हणालो, "आजी, जोतीरावांनी शाळा काढली. पास व्हायचं काम त्यांनी नातवाकडे ठेवलंय." आजी हसल्या आणि म्हणाल्या, "मग ही नोट त्याच्या वहीला घ्या." नोट उचलली आणि नातवाच्या हातात दिली. धर्मांतर एका दिवसात होते, पण नवस बोलणारी जीभ वळायला वेळ लागतो. देव्हाऱ्यातील देव काढून त्या जागी बुद्धांची, बाबासाहेबांची किंवा जोतीरावांची तसबीर ठेवली आणि मागणे तेच चालू ठेवले, तर घरात फक्त तसबीर बदलली, असे होईल. सुनेने सासूवर रागावू नये. आजींनी अर्ध्या मिनिटात जे केले ते कित्येक शिकलेल्यांना जमत नाही.

अंगणात सावलीला बसून मग मुक्ताबाईंविषयी सांगितले. जोतीरावांच्या मंडळींच्या शाळेत शिकणारी ही मांग समाजातील सुमारे चौदा वर्षांची मुलगी. १८५५ मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. वेद ज्यांचे आहेत ते आमची सावलीही धरीत नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, असा त्या मुलीने परमेश्वरालाच सवाल केला. मोठमोठ्या इमारतींच्या पायात आपल्या लोकांना पुरीत, असे तिने लिहून ठेवले. बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यासमोरून गेला, तर त्याचे डोके उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करून खेळत, असेही तिने लिहिले आहे.

आमच्यातील एक गृहस्थ मार्केट यार्डात हमाली करतात. मार्केट यार्ड गुलटेकडीलाच आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रोज पहाटे तिथंच पोती वाहतो. वीस वर्षं झाली. हे कुणी सांगितलं नव्हतं." त्यांच्या मुलाने, म्हणजे सातवीतल्या त्याच मुलाने, त्यांचा हात धरला. मुक्ताबाईंनी धर्म कोणता असा प्रश्न विचारला १८५५ मध्ये, आणि नागपूरला दीक्षाभूमीवर त्याचे उत्तर मिळाले १९५६ मध्ये. ही वजाबाकी त्या मुलाने न सांगता केली : एकशे एक.

बुद्ध, कबीर आणि फुले हे तिघे आपले गुरू, असे बाबासाहेब सांगत. 'शूद्र पूर्वी कोण होते' हा १९४६ चा ग्रंथ त्यांनी जोतीरावांनाच अर्पण केला. त्या मुलाला पुण्यातील आपले जुने हवे होते. ते असे अंगणात, हौदावर आणि शाळेच्या रिकाम्या जागेवर विखुरलेले आहे. ते आपले ठरते ते केवळ आपल्या जातीच्या माणसाने केले म्हणून नव्हे. जोतीराव माळी होते, भिडे ब्राह्मण होते. ज्या जुन्याने दार उघडले ते घ्यावे, ज्याने दार लावले ते जाणून घ्यावे आणि मुलांना सांगावे. लाकूडकाम सुंदर असेल तर ते सुंदर म्हणावे.

परतताना मंडईपाशी सर्वांनी चहा घेतला आणि एक गृहपाठ ठरला. ज्यांना हा पाठ आपल्या वस्तीत घ्यावयाचा असेल त्यांनी तो जरूर द्यावा. घरातील सर्वांत वडील माणसाला मुलांनी चार गोष्टी विचारावयाच्या : शहरात कोणत्या साली आलात, पहिले काम कोणत्या पेठेत केले, डोक्यावरून काय वाहिले, आणि कोणत्या दारात अडविले गेलात. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहावयाची, शुद्धलेखन सुधारावयाचे नाही.

पहिला कागद आला आहे. आजोबा १९७२ च्या दुष्काळात सोलापूरकडून आले, पहिले काम भवानी पेठेतील लाकडाच्या वखारीत केले, फळ्या वाहिल्या. चौथ्या प्रश्नापुढे नातीने जागा कोरी ठेवली आहे आणि खाली लिहिले आहे की, आजोबा म्हणाले, हे लिहू नको, रविवारी सगळ्यांसमोर मी तोंडाने सांगतो.